बिल नंबर ४१२: चूक नेमकी झाली कुठे

"ताई, माझं डोकंच चालत नाहीये गं हल्ली." माझ्या मावसबहिणीने जुलैच्या मध्यावर एका रात्री फोन करून हे सांगितलं, आणि आवाजावरून कळत होतं की रडून झालंय. वय अडतीस, राहते डोंबिवलीला, नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग आणि मशीनच्या स्पेअर पार्टच्या एका पेढीत अकाउंट्स बघते, अकरा वर्षं तिथेच आहे. ती हुशार आहे हे मी बहीण म्हणून म्हणत नाहीये, बी.कॉम. होताना माझ्या अकाउंट्सच्या पूर्ण नोट्स तिच्याच होत्या. म्हणून "डोकं चालत नाही" हे वाक्य मला पटलं नाही, पण तेव्हा का पटलं नाही ते सांगता आलं नव्हतं. पुढे जवळजवळ दोन महिने आम्ही दोघी या एकाच गोष्टीच्या मागे होतो, ते सगळं इथे लिहून काढतेय, कारण असं "मी वेंधळी झालेय" म्हणणाऱ्या निदान चार बायका माझ्या ओळखीत आहेत आणि पुरुषही आहेत, ते फक्त बोलत नाहीत.

आधी काय झालं ते. भिवंडीची एक पार्टी, बाप-लेकाच्या दोन वेगळ्या फर्म. नावाची सुरुवात सारखीच, शेवटी एकाचं ट्रेडर्स आणि दुसऱ्याचं एंटरप्रायझेस. जूनमध्ये बापाच्या फर्मला माल गेला, ८०,००० चा, वर १८ टक्के म्हणजे १४,४०० जीएसटी, एकूण ९४,४०० चं बिल, नंबर ४१२. काउंटरवरच्या मुलाने हाताने फाडलेलं बिल एकदम बरोबर, बापाच्याच नावाचं. पण टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवताना ते गेलं मुलाच्या फर्मवर. दोन्ही फर्म महाराष्ट्रातल्याच, दोघांचा जीएसटी नंबर २७ ने सुरू, टॅक्स सारखाच पडला, टोटल सारखी, त्यामुळे कुठेच काही खटकलं नाही. ११ जुलैच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या बिलांचा रिटर्न, भरून झाला. १४ तारखेला पार्टीचा टू-बी, म्हणजे तिच्या नावावर आलेल्या खरेदीच्या बिलांची पोर्टलवरची यादी, तयार झाला आणि बापाच्या टू-बी मध्ये ते बिल नाही. टू-बी मध्ये दिसत नाही तर १४,४०० चं इनपुट, म्हणजे दिलेल्या टॅक्सची वजावट, घेता येत नाही, मग तो कशाला गप्प बसतो, त्याने शेठना फोन करून आधीच्या सगळ्या बिलांचं मिळून साडेतीन लाखांचं पेमेंट अडवून ठेवलं. पार्टीचा जीएसटी नंबरच चुकला असेल तर दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच होते, म्हणजे ऑगस्टच्या टू-बी पर्यंत तो थांबणार हे ठरलेलंच. (टर्नओव्हर ५ कोटींच्या वर असता तर ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, करावं लागलं असतं आणि बहुतेक तिथेच पकडलं गेलं असतं, पण पेढी छोटी आहे.)

शेठ ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "ध्यान कुठे असतं तुमचं?" आणि तिला हेच जास्त लागलं. कारण तीन महिन्यांतली ही तिसरी मोठी चूक होती.

मग घरी जे सगळीकडे होतं तेच सुरू झालं. सासूबाईंनी बदाम भिजवायला घेतले. कोणीतरी ब्राह्मीच्या गोळ्या आणून दिल्या. ऑफिसातल्या मैत्रिणीने ध्यानाचं ॲप टाकून दिलं, त्यासाठी ही पहाटे पाचला उठायला लागली, आधी सव्वापाचला उठत होती. मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली, "नीट बघून". मी स्वतः सांगितलं मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेव, सगळा घोळ त्याचाच आहे. मला खात्रीच होती. एक आठवडा तिने मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्या आठवड्यातही चुका होत्याच, कारण शेठ मग टेबलावरच्या लँडलाइनवर फोन करायला लागले. माझा अंदाज साफ चुकला होता. आणि तेव्हा मला कळलं की आम्ही सगळेच औषधं सांगत सुटलोय, नेमकं काय बिघडलंय ते बघायला कोणी बसलेलंच नाही.

मी सहकारी बँकेत आहे, क्लिअरिंगला बरीच वर्षं काढलीत. आमच्याकडे एकजण एन्ट्री करतो आणि दुसरा पास करतो, मेकर-चेकर म्हणतात त्याला, आणि फरक आला की पहिला प्रश्न "कोणी केलं" हा नसतो, "किती वाजताची एन्ट्री आहे" हा असतो. वेळ सापडली की निम्मं काम झालं. तर रविवारी मी डोंबिवलीला गेले आणि तिला म्हटलं, तू कशी आहेस ते बाजूला ठेव, बिल नंबर ४१२ किती वाजता चढलं ते सांग.

ते सापडलं. तिच्या टॅलीत एडिट लॉग, म्हणजे कोणती एन्ट्री कधी झाली याची नोंद, चालू होता, सोमवारी ऑफिसात जाऊन तिने बघितलं, व्हाउचर सेव्ह झालंय दुपारी १२:४७ ला. तारीख मिळाली, वेळ मिळाली, मग मोबाइलचा कॉल रेकॉर्ड उघडला. त्याच दिवशी १२:४३ ला शेठचा फोन, दोन मिनिटांचा. आणि हे बघितल्या बघितल्या तिला सगळं आठवलं, मला ऑफिसच्या जिन्यातून फोन केला, "ताई, शेठने विचारलं होतं, पोराच्या फर्मचं किती बाकी आहे!"

आता इथे जरा हळू जाते, कारण सगळी गोष्ट या चार मिनिटांत आहे. ती ४१२ नंबरचं बिल चढवत होती. बिल नंबर टाकला, तारीख टाकली, कर्सर पार्टीच्या नावावर आला आणि फोन वाजला. टॅलीत अर्धं व्हाउचर तसंच ठेवून ऑल्ट-जी दाबलं की दुसरं काहीही उघडता येतं, तिने मुलाच्या फर्मचं लेजर, म्हणजे खातं, उघडलं, बाकी सांगितली, एस्केप मारत परत आली, तर व्हाउचर तिथेच वाट बघत होतं, कर्सर पार्टीच्या नावावर. तिने नावाची पहिली चार अक्षरं टाइप केली, यादीत दोन्ही नावं एकाखाली एक आली, आणि बोटाने तेच नाव उचललं जे दोन मिनिटांपूर्वी डोळ्यासमोर होतं. समोर कागदावर बापाचं नाव होतं पण कागद ती फोनच्या आधीच वाचून बसली होती, परत वाचायचं काही कारण तिला वाटलं नाही.

म्हणजे विसरली काहीच नव्हती. उलट डोक्यात जे ताजं होतं तेच हातातून उतरलं. स्मरणशक्ती उत्तम चालू होती, फक्त चुकीच्या कामाची.

यावर अभ्यास झालेला आहे. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धं सोडून माणूस दुसऱ्या कामाकडे वळला की लक्षाचा एक भाग मागच्याच कामात राहतो आणि नवीन काम त्याच्यामुळे कच्चं होतं. भांड्यात आधीच्या भाजीचा वास राहतो ना, तसं. हे वाचून बहिणीला जे बरं वाटलं ते ब्राह्मीने नव्हतं वाटलं.

पण एका बिलावरून सगळं ठरवायचं नाही असं आमचं ठरलं. शंभर पानी वही घेतली आणि तीन रकाने आखले, किती वाजता, काय चुकलं, आणि त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं. चूक म्हणजे पकडलेली सुद्धा, सेव्ह करायच्या आधी लक्षात आलेली सुद्धा. तिसरा रकाना भरायला तिला सुरुवातीला जड गेलं कारण ती "घाई झाली", "लक्ष नव्हतं" असं लिहायची. मी म्हटलं हे निकाल आहेत, मला घटना पाहिजे. कोण आलं, काय विचारलं, तू कुठे होतीस. तिसऱ्या दिवसापासून नीट लिहायला लागली: "चहावाला आला, सुटे नव्हते, काउंटरवर जाऊन आणले, परत येऊन पुढचं बिल घेतलं, रेट मागच्या बिलाचा टाकला."

अठरा कामाचे दिवस झाले तेव्हा चौदा नोंदी होत्या. त्यातल्या नऊ अर्ध्यावर सोडलेल्या एन्ट्रीवर परत आल्यानंतरच्या. तीन संध्याकाळी पाचच्या पुढच्या. दोन उगाचच, काही कारण सापडलं नाही, आणि त्याही तशाच सोडल्या, ओढून ताणून कारण चिकटवलं नाही.

मी खूश झाले पण रात्री विचार करताना लक्षात आलं की हे अजून काहीच सिद्ध करत नाही. तिचं सगळंच काम जर अर्ध्यावर सोडून परत सुरू होत असेल तर चुकाही त्यातच सापडणार, त्यात नवल काय? फक्त चुका मोजल्या की माणूस हमखास फसतो, न चुकलेलं पण मोजावं लागतं. म्हणून एक दिवस तिने दुसरंच मोजलं. प्रत्येक बिलासमोर टिंब, आणि मध्ये कोणी उठवलं तर त्याच्यावर फुली. एका दिवसात ६२ बिलं चढवली, त्यातल्या १९ वर फुली. म्हणजे साधारण एक तृतीयांश बिलं मध्ये तुटत होती, आणि चौदापैकी नऊ चुका या एक तृतीयांशात पडत होत्या. एका दिवसाचा आकडा आहे, मान्य, पण आता निदान तुलना करायला दुसरी बाजू होती. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात आम्ही केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, आणि ते अर्ध्या पानात झालं.

उपाय काय करायचा यावर खरी मदत झाली तिच्या वडिलांची, म्हणजे आमच्या काकांची. काका मध्य रेल्वेत लोकलचे गार्ड होते, तीस वर्षं सीएसएमटी-कल्याण-कसारा केलं (आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून, पण काका स्वतःला गार्डच म्हणवतात). ते शांतपणे सगळं ऐकून म्हणाले, "अगं, गार्डने दोन बेल दिल्याशिवाय मोटरमन गाडी हलवत नाही. आणि नुसत्या ऐकून पण हलवत नाही, त्याने दोन परत द्यायच्या, मग गाडी सुटते. तुझ्या बिलाला बेल कुठे आहे? ते सुटलं कधी आणि थांबलं कधी, तुलाच माहीत नाही."

मला हे इतकं नेमकं वाटलं की मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. जपानमध्ये रेल्वेवाले सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतात, आणि १९९४ मध्ये तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने एका चाचणीत बघितलं होतं की काहीच न करता शंभरात २.३८ चुका व्हायच्या त्या बोट दाखवून बोलल्यावर ०.३८ वर आल्या. चाचणी साध्या कामावरची होती, बटणं दाबण्याची, पण बिल चढवणं म्हणजे तरी शेवटी काय?

तर तिने एन्ट्रीला बेल लावली. सेव्हचं एंटर मारायच्या आधी डाव्या हाताचं बोट कागदावरच्या जीएसटी नंबरवर, डोळे स्क्रीनवर, आणि नंबरातले मधले चार आकडे मोठ्याने. जीएसटी नंबर १५ खणांचा असतो, पहिले दोन राज्याचे, पुढचे दहा पॅनचे, आणि पॅनमध्ये पाच अक्षरांनंतर चार आकडे येतात, तेवढेच वाचायचे. अख्खा नंबर वाचायला गेलं की दोन दिवसांत कंटाळा येऊन सुटतं हे आम्ही करून बघितलं. बाप-लेकाचे पॅन वेगळे, त्यामुळे चार आकडे पुरतात. कागदावरचे चार आणि स्क्रीनवरचे चार, या झाल्या दोन बेल. शेजारी बसणारा डिस्पॅचचा मुलगा पहिल्या दिवशी हसला, चौथ्या दिवशी स्वतःची एलआर, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, तशीच वाचायला लागला.

दुसरं, अर्धी एन्ट्री ठेवायचीच नाही. फोन आला की दोनच रस्ते: एन्ट्री शेवटाला आली असेल तर "शेठ, एक मिनिट" म्हणून पूर्ण करायची, नाहीतर सरळ एस्केप मारून टाकून द्यायची आणि नंतर पहिल्यापासून, कागद परत वाचून. टाकून दिलेल्या एन्ट्रीचं नुकसान किती, चाळीस सेकंद. आणि मोठं काम असेल, बँक रिकन्सिलिएशन म्हणजे बँकेच्या खात्याशी हिशेब जुळवणं वगैरे, जे टाकून देता येत नाही, तिथे उठायच्या आधी एक ओळ लिहायची, कुठे थांबले आणि आल्यावर पहिलं काय. लेरॉय आणि थेरेसा ग्लोम या दोघींनी २०१८ मध्ये हेच तपासलं होतं, उठताना अशी छोटीशी नोंद केली तर मधल्या कामाकडे डोकं जास्त मोकळं जातं. म्हणजे फायदा परत आल्यावरच होतो असं नाही, शेठशी बोलताना पण होतो.

तिसरं काम मात्र अवघड होतं, शेठशी बोलणं. तिचं म्हणणं, "मी काय सांगणार त्यांना, फोन करू नका म्हणून?" अकरा वर्षांत त्यांना उलट शब्द बोललेली नाही. मी म्हटलं मागणी करूच नकोस, वही दाखव. ते फोन का करतात ते बघ. ते बाजारात फिरत असतात, समोर पार्टी भेटते, त्यांना उधारीचा आकडा तेव्हाच लागतो, यात त्यांचं काय चुकलं? मग तिने रोज सकाळी अकराला सगळ्या पार्ट्यांची बाकी काढून शेठच्या व्हॉट्सॲपवर टाकायला सुरुवात केली, आणि आठवड्याने वहीचं ते फुल्यांचं पान दाखवलं. शेठने दोन मिनिटं पान बघितलं आणि विचारलं, "यातल्या माझ्या किती?" एकोणीसपैकी अकरा. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून फोन तीन-चारवर आले. अशा माणसाला आकडा पटतो, तक्रार पटत नाही. साडेतीन लाख महिनाभर अडकल्याचं दुःख ताजं होतं हेही आहेच.

आता झोपेचं. संध्याकाळच्या त्या तीन चुका मला सोडत नव्हत्या. ही रात्री पावणेबाराला झोपते आणि त्या ध्यानाच्या नादात पाचला उठत होती, म्हणजे सव्वापाच तास, त्यात जाता-येता लोकल, सकाळी आठच्या सुमाराची फास्ट, घाटकोपरला मेट्रोची गर्दी उतरेपर्यंत उभीच. ती म्हणायची मला सवय आहे, मला झोप कमीच लागते. पेनसिल्वेनिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००३ मध्ये एक प्रयोग छापलाय, त्यात माणसांना चौदा दिवस रोज सहा किंवा चार तासच झोपू दिलं, तर शेवटी शेवटी त्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती, आणि मला सगळ्यात जास्त घाबरवणारा भाग पुढचा आहे, की त्यांना स्वतःला ते फारसं जाणवतच नव्हतं. "मला सवय आहे" हे वाक्य म्हणजे बिघडलेल्या काट्याने स्वतःचंच वजन करण्यासारखं आहे.

ध्यान वाईट नाही, मी स्वतः करते, पण झोप कापून केलेलं ध्यान तिला परवडत नव्हतं. ते बंद केलं. नवरा भला माणूस आहे, पण सकाळचं पाणी भरणं आणि मुलीचा डबा ही तिचीच कामं असं घरात धरूनच चाललेलं होतं, कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. तिने सांगितल्यावर पाणी आणि डबा त्याने घेतला, आठवड्यातले चार दिवस. ती आता सहाला उठते, त्या चार दिवशी. सव्वासहा तास. पुरेसं नाहीये हे मला माहीत आहे, तिलाही. डोंबिवली ते नागदेवी हे अंतर काही कमी होत नाही, आणि ७ तारखेचा टीडीएस, ११ चा जीएसटीआर-१, २० चा थ्री-बी म्हणजे जीएसटी भरायचा रिटर्न, हे तिच्या झोपेकडे बघून पुढे जात नाहीत. हा भाग अर्धाच सुटलाय.

पुढच्या अठरा कामाच्या दिवसांत वहीत पाच नोंदी आल्या. चौदाच्या पाच. दोन संध्याकाळच्याच, एक ११ तारखेच्या आदल्या दिवसाची. यावरून फार मोठं काही म्हणता येणार नाही, एकच माणूस, नोंदी स्वतःच ठेवलेल्या, आणि वही उघडी आहे म्हणूनही माणूस जपून वागतो, त्यामुळे यातलं किती बेलमुळे, किती फोन कमी झाल्यामुळे, किती झोपेमुळे, ते मी वेगळं काढू शकत नाही. सगळं एकदम बदलायला नको होतं, एकेक करायला हवं होतं, पण तिची नोकरी टांगणीला होती आणि मला प्रयोगशाळा चालवायची नव्हती.

बिल नंबर ४१२ जुलैच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्त केलं, १४ ऑगस्टला बापाच्या टू-बी मध्ये दिसलं, १८ ला पेमेंट आलं. "माझं डोकं चालत नाही" हे वाक्य त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही, आता ती "साडेपाचनंतर मी रेट टाकत नाही" असं म्हणते, म्हणजे संध्याकाळी फक्त फायलिंग आणि फोन.

परवा गणपतीला तिच्याकडे गेले होते तेव्हा आरतीनंतर वही चाळली. शेवटच्या पानावर शनिवारची नोंद होती, "१२:५०, शेठचा फोन, एन्ट्री टाकून दिली, परत कागद वाचून केली. चूक नाही." मी विचारलं, चूक नाही तर लिहिलंस कशाला? ती प्रसादाच्या वाट्या भरत होती, म्हणाली, "तूच म्हणालीस ना, न चुकलेलं पण मोजायचं."